लिंबाएवढी आकाशगंगा

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही." दिवे मालवता मालवता हे वाक्य टाकायची भोपळेची जुनी खोड. घुमट काळा होत जायचा, मागे रेलणाऱ्या खुर्च्या करकरायच्या, कुणीतरी खोकायचं, आणि त्या खोकल्याच्या शेपटावर हा पुढचं वाक्य ठेवायचा, "आणि ठेवलात, तर समजा माझंच काहीतरी चुकलं." लोक हसायचे. हसलेली माणसं अंधाराला घाबरत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भोपळे हे काही त्याचं आडनाव नव्हे. सूर्य म्हणजे एक भोपळा धरा, असं म्हणून तो खेळ सुरू करायचा, म्हणून तारांगणातल्या मंडळींनी ठेवलेलं नाव. ते इतकं मुरलं की दारावरचा पहारेकरी नव्या माणसाला अगदी गंभीरपणे सांगे, "भोपळेसाहेब आत आहेत." केस काळे होते तेव्हापासून हा माणूस रोज दुपारी अख्खं विश्व पोत्यात भरून आणत होता आणि त्या घुमटाखाली ओतून दाखवत होता, एक दाणा सांडू न देता. जे तारे इतके मोठे की त्यांच्या पोटात आपली गुरूपर्यंतची ग्रहमाला फिरत राहील, ते तो तळहातावर झेलायचा. दीर्घिकांच्या भिंती, ज्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना उजेडसुद्धा म्हातारा होतो, त्या तो घडी घालून खिशात ठेवायचा. आणि असा हा माणूस त्या दिवशी भर खेळात एका लिंबापाशी अडला. पुढे जाईना, मागे येईना.

"आता ही सगळी आकाशगंगा," तो नेहमीसारखा म्हणाला होता, "आपला सूर्य, सूर्याचे सगळे शेजारी, शेजाऱ्यांचे शेजारी, सगळं आवळा, आवळत चला, आणि एका लिंबाएवढं करा." इथे तो नेहमी एक श्वास घ्यायचा. तो श्वास त्याने घेतला, पण सोडायचं राहून गेलं. डोक्यावर यंत्रवाल्याने आकाशगंगा बारीक करत आणली, पिवळट, मध्ये जरा फुगीर, कडांना धूसर. सकाळी पाहिलेल्या फिल्मवर अगदी असंच काहीतरी होतं. काळ्यावर पांढरं. कडांना धूसर. डॉक्टरीण पेनच्या टोकाने त्याच्याभोवती गोल फिरवत होती, आणि त्या वेळी त्याच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी होती की पेन फिरवू नये, लोकांचं लक्ष पेनाकडे जातं, वस्तू दिसायची राहते. बायकोच्या डोक्याच्या आतलं चित्र समोर असताना माणसाला हे सुचावं! पण तीस-चाळीस माणसं अंधारात बसवून ज्याने जन्मभर बोट दाखवण्याचा धंदा केला, त्याला दुसरं काय सुचणार.

डॉक्टरीण तरुण होती. चष्मा कपाळावर सरकवून तिने डोळे चोळले आणि म्हणाली, "शाळेत असताना आम्हाला तुमच्या खेळाला आणलं होतं. सूर्य म्हणजे भोपळा. अजून आठवतं मला. काका, तुमच्याच भाषेत सांगू का?" तो म्हणाला, सांग. ती म्हणाली, "गाठ लिंबाएवढी आहे." आणि मग, पेन खाली ठेवत, "चांगलं मोठं लिंबू." हे बरं झालं, त्याला वाटलं होतं. आपलंच हत्यार, आपणच धार लावलेलं, एवढ्या वर्षांनी फिरून आपल्याच बरगडीत. जागा डाव्या बाजूची होती, जिथे शब्द राहतात तिथली. काढली तर काही शब्द जातील, त्यातले काही हळूहळू परत येतील. "आणि नाही काढली तर?" "तर सगळेच जातील. मग ते शब्दांवर थांबणार नाही, काका." उद्या सकाळी शस्त्रक्रियेची खोली रिकामी आहे, आज संध्याकाळी काकूंचा होकार हवा, त्यांना मीच समजावते, असं ती म्हणाली तेव्हा त्याने हात वर केला. "मी सांगतो. मोठं लहान करून सांगणं हा माझा धंदा आहे. संध्याकाळपर्यंत सांगतो." तिने ऐकलं. ऐकायला नको होतं. लहानपणी ऐकलेल्या माणसाचा आवाज मोठेपणीही खरा वाटतो, हा त्या पोरीचा काय दोष?

बाहेर बाकावर बाई बसली होती. तो बायकोला बाई म्हणायचा, कारण ती शाळेत गणिताची बाई होती आणि लग्नानंतरही ती त्याला वहीत चूक सापडल्यासारखीच बघायची. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, चपलेतून पाय काढून गार फरशीवर टेकवलेले. गेले काही आठवडे ती किल्लीला चमचा म्हणत होती. "चमचा घेतलास का रे, दार ओढतेय मी." तो हसायचा, तीही हसायची. एकदा तिने पंख्याला मावशी म्हटलं आणि दोघं पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. आज त्याला ते हसणं आठवलं आणि आपणच कुणाला तरी जिन्यावरून ढकलून दिल्यासारखं वाटलं. "काय म्हणाली?" बाईने विचारलं. "आहे बारीकशी गाठ." "बारीकशी म्हणजे?" तिने वर पाहिलं. तपासणीच्या आधीच तिने बजावून ठेवलं होतं, किती मोठी आहे ते कळू दे, मग माझ्या डोक्यात कुणाला हात घालू द्यायचा की नाही ते मी ठरवीन. त्याच्याकडे साऱ्या विश्वाची मापं होती. मोहरी होती, खसखस होती, तीळ होता, सगळं पाठ होतं. पण एकही जिभेवर येईना. जे आलं ते असं, सुटाबुटातल्या परक्या माणसासारखं: "पाच मिलिमीटर."

तिने पाय चपलेत सरकवले. "मग कशाला कापायचं?" म्हणाली. "एवढ्यासाठी? राहू दे की. राहील बिचारी कोपऱ्यात." आणि ती अशी काही हसली, इतकी मोकळी, इतकी हलकी, की त्याला ते हसणं मोडवेना. तिथेच मोडायला हवं होतं. तिथेच, त्या बाकावर, पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. पण तो म्हणाला, "मला खेळ आहे. तू खोलीत आडवी हो, मी येतोच." आणि समोरचा रस्ता ओलांडून तारांगणात आला. पळूनच आला, खरं तर.

आता वर लिंबू लोंबकळत होतं. कानातल्या यंत्रातून यंत्रवाला कुजबुजला, "भोपळे, झोपलास काय?" समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "अहो, विश्व संपलं का?" आणि घुमटभर हशा पिकला. त्या हशात त्याला बाईचा हशा ऐकू आला, फार जुना. तो नवीन लागला होता तेव्हा खेळात फक्त आकडे होते. इतके कोटी, इतके अब्ज, एकावर इतकी शून्यं. शाळेची पोरं शांतपणे झोपी जायची आणि त्याला वाटायचं, वा, काय तल्लीन झालीत. तेव्हा ती नुसती ओळखीची होती, मुलांना घेऊन आलेली एक शिक्षिका. खेळ संपल्यावर ती जिना उतरून खाली आली आणि म्हणाली, "अहो, मी दिवसभर आकड्यांतच बुडालेली असते. तुमच्याकडे आले तर तुम्हीही तेच. मला कळेल असं सांगा ना. मला भाजी सांगा." त्याला आधी राग आला. मग तो घरी गेला, स्वयंपाकघरात उभा राहिला, टोपलीतला भोपळा उचलला, आणि पृथ्वी शोधायला मोहरीचा डबा उघडला. त्या रात्री तो जेवला नाही. पुढच्या आठवड्यात तिला मुद्दाम बोलावणं धाडलं. भोपळा सांगून झाल्यावर त्याने सांगितलं की या भोपळ्याच्या जागी ताऱ्यांतला सगळ्यात थोरला राक्षस ठेवला, तर हा घुमट, बाहेरचा रस्ता, पलीकडचं इस्पितळ, सगळं त्याच्या पोटात जाईल, आणि गंमत अशी की आत गेल्याचं कुणाला कळणारही नाही, एवढा तो बाहेरून विरळ असतो, नुसता फुगलेला. अंधारात शेवटच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. त्याच्या दृष्टीने लग्न त्या क्षणीच लागलं. तेव्हापासून घरात कशालाही आकडा नव्हता. पाऊस तांब्याभर पडायचा. ताप कोमट वरणाएवढा असायचा. त्याचा भाऊ गेला तेव्हासुद्धा ती "किती वर्षांचा होता" असं कुणाला म्हणाली नाही, म्हणाली, "अजून अर्ध्या भाकरीचं आयुष्य होतं." आणि थापा! थापांना तर हिशेबच नव्हता. उशिरा घरी आला की तो सांगायचा, वाटेत शनी आडवा आला, त्याच्या कड्यात पाय अडकला. ती म्हणायची, केवढं होतं कडं? तो म्हणायचा, बांगडीएवढं. ती म्हणायची, थापाड्या, बस जेवायला.

"लिंबू," तो अंधारात म्हणाला. "लिंबू म्हणजे तुम्हाला लहान वाटतं. लहान नसतं ते. त्या लिंबात सगळं असतं. तुमची शाळा असते. तुमची आई असते, तिने तुम्हाला मारलेल्या हाका असतात. किल्ली असते." यंत्रवाला कानात म्हणाला, "हे कुठलं आणलंस नवीन?" त्याने ते ऐकलं नाही. पुढचं लिंबू हातभर अंतरावर आहे, तो सांगत गेला, आणि पलीकडे आणखी लिंबं, घोळक्याने, झुपक्याने, ओळीने. ओळींची जाळी होते. जाळीच्या भिंती होतात. एक भिंत तर सांगतात की या लिंबांच्या हिशेबाने शहराच्या एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत जाईल, आणि शहाणी माणसं अजून भांडतायत की ती भिंत खरंच आहे, की आपल्याच डोळ्यांनी ठिपके जोडून उभी केलीय. "आणि भिंतींच्या मध्ये," तो म्हणाला, आणि इथे त्याला थांबायला हवं होतं, इथून खेळ वळवून परत फिरायचा असतो, "भिंतींच्या मध्ये पोकळ्या आहेत. एक पोकळी इथून समोरच्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत. चार-दोन चुकार लिंबं सोडली तर काही नाही. अंधार असतो म्हणावं तर अंधारालाही कड लागते, तीसुद्धा नाही. आपण त्या पोकळीच्या मधोमध जन्माला आलो असतो तर दुसरं कुणी आहे हे कळायलाच पिढ्यान्‌पिढ्या गेल्या असत्या. आपण हाका मारत बसलो असतो. आपल्याला वाटलं असतं, एवढंच आहे."

यंत्रवाल्याने वर पोकळी लावली. घुमट खरोखरच पूर्ण काळा झाला. त्या काळ्यात भोपळे उभा राहिला, आणि मग लक्षात आलं की उभाच आहे. खेळाचा एकच नियम होता, त्यानेच घातलेला, नव्या प्रत्येक निवेदकाला दरडावून सांगितलेला: माणसांना कितीही लांब न्या, पण घरी आणून सोडा. भिंतीवरून लिंबावर, लिंबावरून भोपळ्यावर, भोपळ्यावरून मोहरीवर, मोहरीवरून खुर्चीवर. मगच पहाट करा. पण त्याला परत यायची वाट सापडेना. परत यायचं तर लिंबावरूनच यावं लागत होतं. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यातही आता हेच होत असेल. एक शब्द, त्याच्या शेजारी काही नाही, त्याच्या पलीकडे काही नाही, आणि कुठल्या तरी कडेला किल्ली नावाचं एक चुकार लिंबू. आपण तिला तिथे एकटी सोडून आलोय. पाच मिलिमीटर सांगून. मोठं लहान करून सांगायचं म्हणजे खोटं सांगायचं असं नसतं. लिंबाएवढी आकाशगंगा हे खरंच असतं, त्यात एकही तारा गाळलेला नसतो. आज पहिल्यांदाच त्याने लहान करताना गाळलं होतं. आणि जे गाळलं त्यावर तिचं जगणं टांगलेलं. कुणीतरी रडायला लागलं, बहुतेक एखादं लहान पोर. "भोपळे, मी दिवे लावतोय," यंत्रवाला म्हणाला, आणि मागचंपुढचं काही न बघता त्याने पहाट करून टाकली. लोक डोळे चोळत उठले. म्हातारा जाताना म्हणाला, "आज जरा लवकर आटपलंत, नाही का?"

रस्ता ओलांडताना त्याला जाणवलं की तो त्या राक्षस ताऱ्याच्या पोटातूनच चाललाय. सिग्नल, भाजीची हातगाडी, पंक्चर झालेल्या गाडीभोवती जमलेली चार माणसं, सगळंच आत. आणि कुणाला पत्ता नाही. हातगाडीवर लिंबं होती, पिवळ्याधमक ढिगाने. त्याने एक उचललं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलं, मग मुठीत घेतलं, मग, कुणी बघत नाहीसं पाहून, कानाच्या वर डोक्याला लावून पाहिलं. भाजीवाली म्हणाली, "काका, लिंबू खायचंय का डोक्याला चोळायचंय?" तो ते तसंच ठेवून निघाला. एवढं? एवढं आत मावतं? आणि ती किल्लीला चमचा म्हणत, चहा करत, त्याचे शर्ट वाळत घालत हिंडत होती, हे एवढं आत घेऊन? जिना चढताना त्याने ठरवलं, सांगायचं. पुढच्या वळणावर ठरवलं, डॉक्टरणीलाच सांगू दे. शेवटच्या पायरीवर ठरवलं, असं काहीतरी सांगायचं की पाच मिलिमीटर खोटंही पडणार नाही आणि ती नाही म्हणायचीही नाही. जन्मभर थापा मारल्या त्या काय फुकट? एक शेवटची, चांगली, कामाची थाप.

बाईने बॅग भरून पलंगावर ठेवली होती. साडी बदलली होती, केस विंचरले होते. खिडकीजवळ उभं राहून ती घुमटाकडे बघत होती. "आलास? मी म्हटलं, लोक लवकर कसे काय बाहेर पडले. काय झालं?"

"यंत्र बिघडलं."

"तुझं की घुमटाचं?" ती हसली. "चल, ती डॉक्टरीण आली की तिला नमस्कार करू आणि निघू. घरी जाऊन मस्त झोपते. हे इथलं... हे डोकं ठेवायचं... ते फार कडक आहे."

"उशी."

"उशी."

तो पलंगाच्या कडेला टेकला. बॅग त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये. "बाई, आता मी जे सांगणार आहे, त्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस."

"अरे वा. खेळ इथेही का?" तिने स्टूल ओढलं आणि समोर येऊन बसली, हात मांडीवर, पहिल्या रांगेतल्या शहाण्या मुलीसारखी. "दिवे घालवू?"

"नको. ऐक. आज एक नवीन बातमी आलीय. आतापर्यंत आपण म्हणत होतो की सगळ्यात मोठी गोष्ट कुठली? ती भिंत. शहराच्या या नाक्यापासून त्या नाक्यापर्यंत. तर आता कळलंय की नाही, मोठ्या गोष्टींत काही दम नाही. भिंत आहे की नाही तेच नक्की नाही. राक्षस तारा, नुसता फुगा. सगळा जोर असतो तो बारक्या गोष्टींत. एक तारा असतो, मेलेला, दाबून दाबून एवढासा झालेला. त्याचा चिमटीभर भुगा जरी या टेबलावर ठेवला, तरी टेबल जाईल, फरशी जाईल, खालचा मजला जाईल, त्याखालची जमीन जाईल..."

"खालच्या मजल्यावर जेवणघर आहे. त्यांचं काय?"

"तेही जाईल. म्हणून लोकांनी काय ठरवलं, की असा बारका दिसला की वाट नाही बघायची. आजच उचलायचा. फार तर उद्या सकाळी. कारण तो आजूबाजूचं ओढायला लागतो. आधी जवळचं ओढतो. किल्ली ओढतो. पंखा ओढतो. मग..." तो खोकला. "मग लांबचं. बारक्यालाच घाबरायचं असतं, बाई. मला विचारशील तर बारका जास्त वाईट. एकदा काय झालं, एका शहाण्या माणसाने असा बारका तारा घरात ठेवला. कोपऱ्यात राहील बिचारा म्हणाला. सकाळी उठून बघतो तर घर नाही. बायको नाही. बायकोला हाक मारायला तोंड उघडतो तर तिचं नाव नाही. ओढलं गेलेलं."

बाहेर ट्रॉलीची चाकं खडखडत गेली. त्यामागून बुटांचा आवाज येऊ लागला, एकेका दारापाशी थांबत, पुढे सरकत. डॉक्टरीण फेरीला निघाली होती. तो भराभर बोलू लागला, आता त्याला स्वतःचंच ऐकू येत नव्हतं, त्याने त्या माणसाला शेजारी दिले, शेजाऱ्यांना दोऱ्या दिल्या, दोऱ्या बांधून सगळ्यांनी तो तारा कसा उपटून काढला आणि घर कसं परत आलं, खिडक्यांसकट, उशांसकट, आणि बायको कशी स्वयंपाकघरात उभीच होती, दोन-चार शब्द इकडेतिकडे सांडले होते ते नंतर पलंगाखाली सापडले. बाई ऐकत होती. तिचा चेहरा आधी खेळातला होता, मग हळूहळू वर्गातला झाला. फळ्यावर उदाहरण चुकत चाललंय हे तिसऱ्या ओळीलाच दिसलेलं असावं, पण पोराला शेवटपर्यंत जाऊ द्यावं, तसा. बूट शेजारच्या दारापाशी थांबले. ती वाकली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सकाळी काय म्हणालास तू? पाच मिलिमीटर."

"हो."

"अरे, तू मला कधी..." ती अडली. हाताने हवेत काहीतरी शोधलं, बोटं एकमेकांवर टेकवली, पुन्हा सोडली. "ते. मोजतात ते. मी जन्मभर शिकवलं ते."

"आकडा," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज कुठून तरी लांबून आला.

"आकडा. इतक्या वर्षांत तू मला कधी आकडा सांगितला नाहीस. थापा मारतानासुद्धा नाही." तिने बॅगेकडे पाहिलं. "दुपारभर मी ते खरं धरून चालले. बॅगसुद्धा भरली. फार बरं वाटत होतं रे."

बूट दाराशी आले. कुणीतरी कडीला हात घातला. बाईने मान न वळवता दुसरा हात वर केला, वर्गात उशिरा आलेल्या मुलीला दारातच उभं करावं तसा, आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "खोटं आहे ते, थापाड्या. भाजी सांग."